‘दिला असता’ : ब्रँडच्या ब्रीफचं एक वाचन

गेल्या चार-पाच वर्षांत मी सगळ्यांत लक्ष देऊन, ओळींखाली रेघा मारत, एकेका शब्दाचा कीस काढत वाचलेला मजकूर कोणता, असं कुणी विचारलं तर एखाद्या कादंबरीचं नाव घ्यायला मला आवडलं असतं. खरं उत्तर आहे, ब्रीफ. एखादी कंपनी आपल्या वस्तूवर व्हिडिओ करायला माझ्यासारख्याला पैसे देते, तेव्हा ती (किंवा तिच्या वतीनं एखादी एजन्सी) सोबत एक पीडीएफ पाठवते. व्हिडिओत काय दिसावं, काय बोलावं, काय अजिबात बोलू नये, कधी टाकावा, किती वेळा बदलून द्यावा लागेल हे सगळं त्यात असतं. तो कागद म्हणजे ब्रीफ. नाव ‘थोडक्यात’, आणि पानं अकरा.

माझी ओळख आधी सांगतो, म्हणजे बोलणारा कोण हे कळेल. डिग्री इन्स्ट्रुमेंटेशनची, नोकरी सॉफ्टवेअरची, ऑफिस हिंजवडीत, खोली वाकडला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सांगलीला असलेल्या आईला राऊटर रीसेट करणं फोनवरून समजत नव्हतं म्हणून एक व्हिडिओ करून पाठवला. तो मावशीनं मागितला, मावशीकडून तिच्या भिशीत गेला. मग मी घरातली यंत्रं मराठीत समजावून सांगणारं एक इन्स्टाग्राम खातं काढलं. इन्व्हर्टरची बॅटरी किती ‘एएच’ची घ्यावी, मेश राऊटर कुणाला लागतो आणि कुणाला उगाच विकला जातो, मिक्सरच्या वॉटचा आकडा किती खरा धरायचा, असे विषय. आज ४१ हजार लोक बघतात. पुण्यात हा आकडा कुणाला सांगितला तर लोक सहानुभूतीनं मान डोलावतात. सांगलीत माझे काका मला ‘सेलिब्रिटी’ म्हणून हाक मारतात.

ब्रीफ हा एक लेखनप्रकार आहे, हे माझं म्हणणं मित्रांना चमत्कारिक वाटतं. पण त्याला ठरलेली रचना आहे, ठरलेला सूर आहे, स्वतःचे अलंकार आहेत, आणि तो ज्याच्यासाठी लिहिला जातो त्या वाचकाकडून पूर्ण शरणागतीची अपेक्षा आहे. एवढं असूनही त्याची समीक्षा मी कुठे वाचलेली नाही. कारण उघड आहे. लिहिणाऱ्याचं नाव त्यावर नसतं आणि वाचणाऱ्यानं गुप्ततेच्या कलमावर सही केलेली असते. मीही केली आहे, म्हणून खाली ज्या ब्रीफबद्दल लिहितोय त्याच्या मालकाचं नाव येणार नाही. तेवढी सूट त्या कलमानं दिली आहे असं मी धरून चालतो.

ब्रीफ जून २०२२चं. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर आलेलं. वस्तू म्हणजे विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त टॅब्लेट. मानधन १२ हजार, व्हिडिओ एक, लांबी ४५ ते ६० सेकंद.

पहिलं पान नेहमीप्रमाणे ‘ब्रँडची गोष्ट’. हे पान कुणीच वाचत नाही, आणि मला वाटतं लिहिणाऱ्यालाही ते माहीत असतं, कारण त्यात क्रियापदं जवळजवळ नसतात. ‘एम्पॉवरिंग’, ‘एनेबलिंग’, ‘रीइमॅजिनिंग’ असं सगळं अधांतरी चालू असतं. पुराणकथेच्या सुरुवातीला नमन असतं तसं हे. ते ओलांडून दुसऱ्या पानावर गेलं की खरा मजकूर सुरू होतो : पहिल्या ३ सेकंदांत थांबवून धरणारं वाक्य हवं. ५ सेकंदांच्या आत ब्रँडचं नाव. नाव किमान दोनदा तोंडी यावं, उच्चार सोबतच्या ऑडिओप्रमाणे. लोगो सलग ३ सेकंद. शेवटी ‘लिंक बायोमध्ये’. हॅशटॅग पाच, क्रम बदलू नये.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. उलट मी या पानाकडून शिकलो. माझे आधीचे व्हिडिओ ‘नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत’ इथून सुरू होऊन मुद्द्यावर यायला मिनिट घ्यायचे. तीन सेकंदांची अट कुणी घातली नसती तर मी अजूनही मंडळींना नमस्कारच घालत बसलो असतो. मराठी लेखकांनी, विशेषतः आम्ही अशा वेबनियतकालिकांत लिहिणाऱ्यांनी, ही अट अधूनमधून स्वतःला घालून बघायला हरकत नाही. (हा लेख त्या अटीत बसत नाही, हे मला दिसतंय.)

तिसऱ्या पानावर ‘सुचवलेल्या ओळी’. ब्रीफ इंग्रजीत, ओळी मराठीत. ‘आता शिकणं होईल अजून सोपं!’ ‘तर मग वाट कसली पाहताय? आजच घरी घेऊन या!’ ही मराठी कुठून येते ते सगळ्यांना माहीत आहे. मूळ इंग्रजी, त्याची मुंबईत हिंदी होते, आणि हिंदीवर अनुस्वार-विसर्गाचे संस्कार करून मराठी काढली जाते. ‘होईल’ हे क्रियापद वाक्याच्या मध्यावर रस्त्यात बंद पडलेल्या रिक्षासारखं उभं आहे, कारण हिंदी घोषवाक्यात ते तिथे उभं असतं. यावर चिडून लिहिणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. मला मात्र दुसरीच गोष्ट जाणवली. या ओळींच्या खाली कंसात लिहिलं होतं : ‘क्रिएटरनं आपल्या नैसर्गिक बोलीत रूपांतर करावं.’ म्हणजे मराठी वाईट आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. ती दुरुस्त करणं हे माझ्या १२ हजारांत धरलेलं होतं. ज्याला आपण भाषांतराचा गचाळपणा म्हणतो तो इथे कामाच्या वाटपाचा भाग आहे. वर साचा द्यायचा, खाली जीव ओतायचं काम माणसाकडे.

चौथं पान निषेधांचं, आणि ब्रीफमधलं ते सर्वांत वाङ्मयीन पान. जुन्या काळचे मनाई हुकूम वाचताना इतिहासाचे अभ्यासक म्हणतात, की अमुक करू नये असं वारंवार बजावलेलं दिसलं तर ते लोक सर्रास करत होते असं समजावं. ब्रीफला हीच पद्धत लावून बघा. ‘रॅम आणि स्टोरेजचे आकडे बोलू नयेत, “स्मूथ” म्हणावं.’ ‘टॅब सुरू होताना दाखवू नये, सुरू झालेला दाखवावा.’ ‘दोन ॲप एका वेळी उघडून दाखवू नयेत.’ ‘थेट उन्हात चित्रण नको.’ ‘“स्वस्त” हा शब्द टाळावा.’ ‘चार्जर फ्रेममध्ये नसावा.’ ही यादी उलटी वाचली की हातात वस्तूचं अचूक वर्णन येतं. रॅम २ जीबी आहे, सुरू व्हायला मिनिटभर लागतं, दुसरं ॲप उघडलं की पहिलं बंद पडतं, पडदा उन्हात दिसत नाही, आणि चार्जर इतका लहान आहे की रात्रभर लावून ठेवावा लागेल. ब्रीफच्या पहिल्या तीन पानांत वस्तूबद्दल एकही खरं वाक्य नव्हतं. चौथ्या पानावर एकही खोटं नव्हतं. कुठल्याही ब्रीफमध्ये मी आता सर्वांत आधी हेच पान उघडतो. तुम्ही पाहताय त्या व्हिडिओत काय दिसत नाहीये, याची यादी कुणीतरी टाइप केलेली असते.

पाचव्या पानावर तो शब्द. ‘टोन : ऑथेंटिक. बी युअरसेल्फ!’ उद्गारचिन्हासकट.

इथे मला माझ्या दिवसाच्या नोकरीबद्दल थोडं बोलायला हवं. आम्ही सॉफ्टवेअर बनवतो तेव्हाही आधी कागद येतो. त्याला रिक्वायरमेंट्स म्हणतात, आणि त्या कशा लिहाव्यात यावर आमच्या धंद्यात चांगलं वाङ्मय आहे. स्कॉट ब्रॅडनर यांनी १९९७ साली लिहिलेला ‘आरएफसी २११९’ हा दोन-तीन पानांचा दस्तऐवज मला फार आवडतो. ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या तीन साध्या इंग्रजी शब्दांचे अर्थ त्यात पक्के केले आहेत. ‘मस्ट’ म्हणजे सुटका नाही. ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम नीट समजून मगच. ‘मे’ म्हणजे मर्जी. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांतले असंख्य दस्तऐवज या तीन शब्दांवर उभे आहेत. दुसरा कागद म्हणजे आयईईईचं ८३० क्रमांकाचं मानक. त्यात चांगल्या रिक्वायरमेंटचा एक गुण सांगितला आहे : ती पडताळता आली पाहिजे. माणसानं किंवा यंत्रानं, परवडेल अशा खर्चात, पूर्ण झाली की नाही हे तपासता आलं पाहिजे. ‘चांगलं चालावं’ ही रिक्वायरमेंट नव्हे, असं ते मानक उदाहरण देऊन सांगतं. ‘दर शंभरांतल्या पंच्याण्णव वेळा दोन सेकंदांत उत्तर यावं’ ही रिक्वायरमेंट.

या दोन चष्म्यांतून ब्रीफ वाचलं की त्याची गंमत कळते. लोगो ३ सेकंद, हे पडताळता येतं. नाव दोनदा, हेही. पण ज्यासाठी पैसे दिले जातात, ज्यासाठी नट सोडून माझ्यासारख्या भिंगाच्या चष्म्याच्या माणसाकडे यावं लागतं, ते ‘ऑथेंटिक’ मात्र मोजता येत नाही. आणि ते ‘मस्ट’ आहे. इंजिनिअरिंगमध्ये अशी अट कागदावर राहिली तर भांडण होतं आणि शेवटी सही करणाऱ्याच्या मनाला येईल तो तिचा अर्थ ठरतो. इथेही तसंच. माझ्या पहिल्या कच्च्या व्हिडिओवर एजन्सीकडून अभिप्राय आला : ‘ब्रँड फील्स इट्स नॉट यू.’ ब्रँडला वाटतंय, की हा तू नाहीस.

मला तीन वर्षांनंतरही या वाक्याची भुरळ आहे. माझ्या खोलीत, माझ्या तोंडून, माझ्याच शब्दांत बोललेल्या व्हिडिओबद्दल एक अनोळखी संस्था सांगते आहे, की यात तू नाहीस. आणि याहून विचित्र म्हणजे मी ते ऐकून ‘हो का?’ म्हणत व्हिडिओ परत बघितला, मी कुठे निसटलोय ते शोधायला.

एजन्सीतली मुलगी डोंबिवलीची होती, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. ती फोनवर म्हणाली, “सर, तुम्ही प्रॉडक्ट नीट सांगितलंय, पण कनेक्ट होत नाहीये. घरातलं कुणीतरी आणा ना. लहान मुलं आहेत का कुणी?”

मी म्हटलं, “मला सर म्हणू नकोस. भाची आहे, पण ती चार वर्षांची आहे, ती टॅबलेटवर काय शिकणार?”

“चालेल की! ‘माझ्या भाचीला मी हाच दिलाय’, बस. एक ओळ.”

“पण दिलेला नाहीये.”

“सर, ब्रँडला फक्त एक पर्सनल मोमेंट हवाय. ब्रीफमध्ये आहे बघा, पॉइंट नऊ.”

होता. पॉइंट नऊ : ‘कुटुंबातल्या विद्यार्थ्याशी जोडणारा वैयक्तिक प्रसंग, अनिवार्य.’ ब्रीफमध्ये अख्ख्या अकरा पानांत ‘मँडेटरी’ हा शब्द दोनच ठिकाणी होता. एक हॅशटॅगपाशी आणि एक इथे. मी घासाघीस केली. तिच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. तिच्या वर कुणी होतं, त्याच्या वर कुणी. दोन तासांनी आम्ही एका वाक्यावर आलो. ‘दिलाय’ ऐवजी ‘दिला असता’. ‘माझी भाची शाळेत असती, तर तिला मी हाच दिला असता.’

मला त्या वेळी याचा अभिमान वाटला, हे कबूल करायला हवं. व्याकरणानं मला वाचवलं होतं. संकेतार्थ! अमुक असतं तर तमुक झालं असतं, म्हणजे अमुक नाही आणि तमुक झालेलं नाही. मी कुणाला खोटं सांगितलेलं नव्हतं. लॉजिकच्या पेपरात या वाक्याला पूर्ण गुण मिळाले असते, कारण अटच खोटी असली की विधान खरंच ठरतं. कायद्यानंही मी सुटलेला होतो. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ‘ॲस्की’चे, इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. पैसे घेतलेल्या मजकुरावर लेबल हवं, ते लगेच दिसेल अशा जागी हवं, इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत हवं, आणि १५ सेकंदांहून मोठ्या नि दोन मिनिटांहून छोट्या व्हिडिओत लांबीच्या एक तृतीयांश वेळ तरी राहायला हवं. माझा व्हिडिओ ५४ सेकंदांचा. तिसरा हिस्सा १८. मी लेबल २० सेकंद ठेवलं. ‘ॲड’, रोमन लिपीतली दोन अक्षरं, वरच्या उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या भिंतीवर करडी. ब्रीफनं रंगही सुचवला होता.

ब्रीफच्या आठव्या पानावर ‘युसेज राइट्स’ होते, ९० दिवसांचे. म्हणजे माझा व्हिडिओ माझ्याच खात्याच्या नावानं, कंपनी स्वतः पैसे लावून, मला न ओळखणाऱ्या लोकांपुढे नेऊ शकत होती. हे कलम मी वाचलं होतं आणि त्याचा अर्थ मला समजला नव्हता. माझ्या डोक्यात माझा प्रेक्षक होता तो मला आधीपासून ओळखणारा. त्याला माहीत असतं, की हा माणूस ‘बरा आहे’ म्हणतो तेव्हा साधारण किती बरं असतं. त्याला माझ्या संकेतार्थाचा वास आला असता. ९० दिवसांत तो व्हिडिओ माझ्या नेहमीच्या प्रेक्षकांच्या कितीतरी पट लोकांनी पाहिला. त्यांच्यासाठी मी होतो कोण, तर भाचीचा मामा.

ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाईंचा मेसेज आला.

“दादा नमस्कार. तुमचा व्हिडिओ बघून मुलाला टॅब घेतला. सातवीला आहे. तुमच्या भाचीचा कसा चालतोय? आमचा सारखा अडकतो. काही सेटिंग असेल तर सांगा.”

‘दिला असता’मधलं ‘असता’ वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं. अर्थात गळणारच होतं. डोंबिवलीच्या मुलीला ते माहीत होतं, म्हणून ती इतक्या सहज तयार झाली. मला वाटत होतं मी वाक्य जिंकलो.

मी त्यांना लांबलचक उत्तर दिलं. आपोआप होणारे अपडेट बंद करा, शिक्षणाचं एकच ॲप ठेवा, बाकीची काढा, व्हिडिओ मेमरी कार्डावर हलवा, दर दोन दिवसांनी बंद करून चालू करा. ही सगळी माहिती माझ्याकडे व्हिडिओ करण्याआधीपासून होती. टॅब हातात आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी मी सवयीनं मोजमाप केलं होतं : ३२ जीबीपैकी सिस्टिम आणि आधीच भरून पाठवलेली ॲप्स वजा जाता १९ उरत होते, आणि अभ्यासाचं एक ॲप उघडून पहिला धडा दिसायला २३ सेकंद लागत होते. माझ्या वहीत ते आकडे आहेत. चौथ्या पानानं ते बोलू नका म्हटलं होतं, आणि मी बोललो नव्हतो. भाचीबद्दल मी त्या उत्तरात काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी कळवलं, थोडा फरक पडलाय. खाली लिहिलं होतं, “भाचीला आशीर्वाद.”

त्या दिवाळीत मी तो टॅब बहिणीकडे कोल्हापूरला नेऊन दिला. निदान मागून तरी वाक्य खरं व्हावं, असलं काहीतरी डोक्यात होतं. ताईनं दोन दिवस वापरून विचारलं, “हे धूड कशाला आणलंस? बालगीत लावलं तरी अडकतंय.”

आता कायद्याकडे परत. जून २०२२ मध्येच, ९ तारखेला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक हवं आणि वस्तूची त्याला पुरेशी माहिती वा अनुभव हवा, हे त्यात आलं. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं खास इन्फ्लुएन्सरांसाठी एक पुस्तिका काढली. त्यात व्हिडिओतला खुलासा दिसायला हवा तसा ऐकूही यायला हवा, नुसता हॅशटॅगांच्या घोळक्यात नको, असं सांगितलं आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभुलीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. नियम चांगले आहेत. ऐकू येणारा खुलासा तेव्हा मी केला असता तर त्या बाईंना कदाचित उपयोग झाला असता. पण हे नियम दाव्याला धरतात. हा टॅब दहा तास चालतो, असं मी म्हटलं असतं तर कुणीतरी घड्याळ लावून मला पकडलं असतं. ‘भाचीला दिला असता’ या वाक्यात दावा कुठे आहे? लेबल आणखी मोठं केलं, मराठीत केलं, लाल केलं, तरी ते एवढंच सांगतं, की या माणसाला पैसे मिळाले आहेत. आपल्या मामांना पैसे मिळाल्याचं भाच्यांना कधी वाईट वाटत नाही.

जाहिरात काही आपल्याकडे नवी नाही आणि मी तिच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतला नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपली ही आवडती परंपरा जाहिरातींच्या खांद्यावर बसून इथवर आली आहे. वनस्पती तुपाच्या नि सोनाराच्या पानांनी कितीतरी चांगल्या कथांचा कागदखर्च भरला असेल. पण तिथे पान उलटावं लागायचं. कथा या पानावर, सोनार त्या पानावर. आणखी जवळचं उदाहरण म्हणजे १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’. टूथपेस्टचं नाव थेट कार्यक्रमाच्या नावात! याहून उघड काय असणार? ऐकणाऱ्याला दर आठवड्याला पहिल्या शब्दातच कळत होतं, की पैसे कुणाचे. गाणी कशी वाटतात ते त्यानं स्वतः ठरवायचं.

ब्रीफची मागणी नेमकी उलटी आहे. नाव शीर्षकात नको, ते बोलता बोलता निसटल्यासारखं आलं पाहिजे. ‘ऑरगॅनिकली’ हा त्यासाठीचा शब्द, जणू भाजी आहे. संतकवी अभंगाच्या शेवटी आपलं नाव गुंफत. ती नाममुद्रा म्हणजे या शब्दांची जबाबदारी माझी, असं सांगणं. रीलच्या शेवटीही नाव येतं आणि ते माझंच असतं, म्हणजे जबाबदारीपुरता मी कवी. वाक्य मात्र पॉइंट नऊचं.

सगळी ब्रीफं अशी नसतात. माझ्याकडे आलेलं सर्वोत्तम ब्रीफ दीड पानाचं होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं, शेतीपंपासाठीच्या मोबाईल स्टार्टरचं. शेतकऱ्यानं घरून फोन लावला की विहिरीवरची मोटर चालू होते, ते यंत्र. रात्रीच्या थ्री फेजसाठी अंधारात बांधावरून चालत जायचं वाचतं, एवढ्यासाठी लोक ते घेतात. ब्रीफ मालकानं स्वतः लिहिलं होतं, मराठीत, ‘दोन ओळींच्या मध्ये’ काहीही नसलेलं. त्यातला मजकूर साधारण असा होता : विहिरीवर रेंज नसेल तर घेऊ नका, हे पहिल्या मिनिटात सांगा. आत टू-जी मॉड्यूल आहे, फक्त फोर-जी असलेल्या कंपनीचं सिम चालणार नाही, हे सिम हातात धरून दाखवा. सिंगल फेजचं मॉडेल वेगळं आहे. फेज गेला तर मोटर आपोआप बंद होते, ते फ्यूज काढून प्रत्यक्ष दाखवा. पाऊस-पाण्यात पेटी कुठे बसवायची ते दाखवा. आणि शेवटी : ‘न चालणाऱ्या ठिकाणी विकलं गेलं, तर परत आणायचं भाडं आमच्या अंगावर येतं.’

निषेधांचं पान नव्हतं. दुसऱ्या ब्रीफमध्ये जे चौथ्या पानावर दडवलेलं असतं ते इथे पहिल्या परिच्छेदात, ‘मस्ट’ म्हणून. मला वाटत नाही, की हे गृहस्थ स्वभावानं टॅबवाल्यांपेक्षा फार सज्जन होते. फोनवर त्यांनी माझं मानधन नऊ हजारांवरून साडेसहावर आणलं. पण त्यांना चुकीचा गिऱ्हाईक परवडत नव्हता. टॅबवाल्यांना परवडत होता, कारण मुलाचा टॅब अडकतो म्हणून सोलापूरहून परत पाठवायला कुणी जात नाही. आईच सेटिंग विचारत बसते. ‘ऑथेंटिक’ हा शब्द त्या दीड पानात कुठेच नव्हता. मी व्हिडिओ केला, तो तीन मिनिटांचा झाला, तीन सेकंदांत थांबवणारं काहीही त्यात नव्हतं, आणि त्याखाली अजूनही कुठल्या कुठल्या गावची माणसं ‘आमच्याकडे अमुक सिम आहे, चालेल का’ असं विचारतात.

त्या टॅबनंतर मीही एक कागद तयार केला आहे. एक पान. एजन्सीकडून चौकशी आली की मी तो आधी पाठवतो. वस्तू पंधरा दिवस वापरल्याशिवाय व्हिडिओ नाही. मोजलेले आकडे व्हिडिओत येतील, आवडोत न आवडोत. पैसे घेतल्याचं मी मराठीत, तोंडानं, सुरुवातीला सांगेन. माझ्या खात्याच्या नावानं अनोळखी लोकांपुढे व्हिडिओ नेण्याची परवानगी नाही. आणि शेवटचं कलम : नात्यातल्या कुठल्याही माणसाचा उल्लेख होणार नाही, संकेतार्थातसुद्धा नाही. ही शेवटची ओळ एजन्सीवाल्यांना समजत नाही. मी ती काढलेली नाही.

आतापर्यंत अकरा ठिकाणी पाठवला. आठ जणांनी उत्तर दिलं नाही. एकानं ‘लव्ह द पॅशन’ एवढंच लिहिलं. एकाबरोबर काम झालं, पाण्याच्या टाकीच्या सेन्सरचं. अकरावा गेल्या आठवड्यातला, वॉटर प्युरिफायरचा. आकड्यांचं, पंधरा दिवसांचं, सगळं त्यांना मान्य होतं. संध्याकाळी तिथल्या मुलाचा फोन आला. फार अदबीनं बोलत होता.

“दादा, भाची नको म्हणताय ना, हरकत नाही,” तो म्हणाला. “आई चालेल का?”